आरपीएस६ची अँटिबॉडी: बँड तर आला, पण तो कशाचा?

तुमच्या प्रश्नात खरं तर चार तक्रारी आहेत. रायबोसोम म्हणजे पेशीतलं प्रथिनं बनवणारं यंत्र, आणि आरपीएस६ हे त्यातलं एक प्रथिन. त्याची अँटिबॉडी ब्लॉटवर (जेलवर वजनानुसार वेगळी केलेली प्रथिनं मेम्ब्रेनवर उतरवून केलेल्या चाचणीत) ३२ किलोडाल्टनच्या आसपास ठसठशीत बँड देते, पण हिशेबाने प्रथिनाचं वजन २८.७ निघतं. एसआयआरएनए (जनुकाचा एमआरएनए नष्ट करणारा छोटा आरएनए) देऊन ४८ तास थांबलात, तरी बँड जेमतेम फिका झाला. सूक्ष्मदर्शकाखाली पेशीद्रव्याबरोबर केंद्रकातही ठिपके चमकले. आणि फॉस्फो-एस६चा, म्हणजे फॉस्फेट लागलेल्या आरपीएस६चा, सिग्नल प्रत्येक प्रयोगात वेगळाच येतो. यावरून अँटिबॉडी टाकाऊ समजायची का, दुसरी मागवायची का, असं तुम्ही विचारलं आहे.

पहिल्या तीन गोष्टींवरून अँटिबॉडी वाईट ठरत नाही. उत्तम अँटिबॉडी वापरली तरी त्या तशाच दिसू शकतात. चौथी तक्रार बहुतेक वेळा नमुना गोळा करण्याच्या पद्धतीतून येते. पण यावरून अँटिबॉडी चांगली आहे हेही सिद्ध झालेलं नाही. रायबोसोमच्या प्रथिनांशी काम करताना बँड न येण्याची अडचण क्वचितच येते. बँड येतोच, आणि तो आल्याच्या आनंदात आपण पुढचे प्रश्न विचारत नाही. ही प्रथिनं भरपूर असतात, पेशीला त्यांच्यावाचून जगता येत नाही आणि ती एकमेकांवर अवलंबून असतात. या तीन गुणांमुळे इतर प्रथिनांसाठी डोळे झाकून वापरल्या जाणाऱ्या कसोट्या इथे फसवतात.

आधी नावाचा घोळ. 'एस६' असं शोधलंत तर तीन निरनिराळ्या गोष्टी समोर येतात. पहिली म्हणजे आपलं आरपीएस६, रायबोसोमच्या लहान (४०एस) उपघटकातलं २४९ अमिनो आम्लांचं प्रथिन. दुसरी, त्याला फॉस्फेट लावणारं एस६ कायनेज, जे ७० किलोडाल्टनला दिसतं. 'फॉस्फो-एस६' मागवायला जाऊन 'फॉस्फो-एस६के' घेऊन येणं अगदी सहज घडतं, कारण यादीत दोन्ही शेजारी असतात. तिसरी, जिवाणूंमधलं एस६. त्याचा आपल्या एस६शी वंशाने काहीही संबंध नाही. हा गोंधळ मिटावा म्हणून २०१४मध्ये नवी नामपद्धती सुचवली गेली. तिच्यात जिवाणूंपासून माणसापर्यंत सर्वत्र आढळणाऱ्या प्रथिनांना 'यू', फक्त जिवाणूंतल्यांना 'बी' आणि दृश्यकेंद्रकी व आर्किया यांच्याकडच्यांना 'ई' हे आद्याक्षर लागतं. त्यानुसार आपलं प्रथिन ईएस६ आणि जिवाणूंचं बीएस६. एस६च्या बाबतीत हे निभावून जातं, पण एल१०पाशी भलेभले अडखळतात: माणसातलं आरपीएल१० म्हणजे यूएल१६, आरपीएल१०ए म्हणजे यूएल१, आणि जिवाणूंच्या एल१०चा खरा भाऊबंद आपल्याकडे आरपीएलपी० या नावाने वावरतो. म्हणून अँटिबॉडी नावावरून मागवू नका. प्रथिनाचा अनुक्रमांक आणि इम्युनोजेन म्हणून (अँटिबॉडी बनवण्यासाठी प्राण्याला टोचायला) वापरलेला तुकडा, दोन्ही पाहा.

तुकडा पाहण्याचा आग्रह का, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आरपीएस२७ए. हे जनुक युबिक्विटिन (इतर प्रथिनांना खूण म्हणून जोडलं जाणारं छोटं प्रथिन) आणि एस२७ए यांचं जोडप्रथिन बनवतं. १५६ अमिनो आम्लांपैकी पहिली ७६ युबिक्विटिनची, उरलेली ८० रायबोसोमची. पेशीत हे जोड लगेच तुटतं, म्हणजे रायबोसोममध्ये बसलेलं प्रथिन ९ किलोडाल्टनच्या आसपास असायला हवं. आता डेटाशीटवर १८ किलोडाल्टनला बँड दाखवून 'अपेक्षित वजन' असं लिहिलेलं दिसलं तर सावध व्हा, कारण ते न तुटलेल्या जोडाचं वजन आहे. आणि इम्युनोजेन पहिल्या अर्ध्या भागातला असेल, तर ती अँटिबॉडी मुळात युबिक्विटिनची आहे, लेबलवर काहीही छापलेलं असो. यूबीए५२चीही हीच गत. त्यातून युबिक्विटिन आणि ५२ अमिनो आम्लांचं एल४० निघतं.

जुळ्या भावंडांचाही विचार करा. आरपीएल२२ला आरपीएल२२एल१, आरपीएल३ला आरपीएल३एल, आरपीएस२७ला आरपीएस२७एल आणि आरपीएस४एक्सला आरपीएस४वाय१ असे जोडीदार आहेत. यांचे अनुक्रम बरेच सारखे असतात आणि पॉलिक्लोनल अँटिबॉडीला (ती अनेक अँटिबॉडींचं मिश्रण असते) तो फरक बहुधा कळत नाही. पण या अडचणीतच एक सोयही दडलेली आहे. आरपीएस४वाय१ वाय गुणसूत्रावर आहे, त्यामुळे हेलासारख्या स्त्रीच्या पेशींत ते असूच शकत नाही. आरपीएल३एल हृदय आणि कंकाल स्नायूंबाहेर जवळपास नसतंच. म्हणजे निसर्गाने नकारात्मक कंट्रोल आयतं दिलेलं आहे, ते वापरा. आरपीएस६ला असं जवळचं जुळं नाही, त्या दृष्टीने तुम्ही नशीबवान.

आता पहिली तक्रार, वजनाची. आरपीएस६ जेलवर ३२च्या आसपासच धावतं. रायबोसोमची बहुतेक प्रथिनं अतिशय अल्कधर्मी असतात, लायसिन आणि आर्जिनिन यांनी खच्चून भरलेली, आणि अशी प्रथिनं एसडीएस जेलवर हिशेबापेक्षा जड दिसतात. दोन-चार किलोडाल्टनच्या फरकाने विचलित होऊ नका. दहाचा फरक असेल तर मात्र कारण शोधा.

एकाहून जास्त बँड दिसले म्हणून अँटिबॉडी लगेच अविशिष्ट ठरते असंही नाही. रायबोसोमच्या मोठ्या (६०एस) उपघटकावरच्या देठात पी०, पी१ आणि पी२ ही प्रथिनं असतात आणि तिघांचं शेपटाकडचं टोक जवळजवळ सारखं असतं. त्या टोकाविरुद्धची अँटिबॉडी साधारण ३८, १९ आणि १७ किलोडाल्टनला तीन बँड देते, आणि ते तिन्ही खरे असतात. ल्युपस या स्वप्रतिकार आजाराच्या काही रुग्णांच्या रक्तात तयार होणाऱ्या स्वप्रतिपिंडांचा निशाणाही हेच टोक असतं. अशा रक्तद्रवाने केलेल्या ब्लॉटवर ही तिकडी स्पष्ट दिसते. जाता जाता एक: पी१ आणि पी२ आम्लधर्मी आहेत, त्यामुळे 'रायबोसोमची प्रथिनं अल्कधर्मी' हा नियम त्यांना लावू नका.

दुसरी तक्रार म्हणजे एसआयआरएनए. इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त चुकीचे निष्कर्ष इथेच निघतात.

अँटिबॉडी तपासण्याची सर्वांत विश्वासार्ह पद्धत म्हणजे जनुक काढून टाकलेल्या पेशींत सिग्नल नाहीसा होतो का हे पाहणं. २०१६मध्ये एका आंतरराष्ट्रीय कार्यगटाने पडताळणीचे पाच मार्ग मांडले. जनुकीय बदल, अँटिबॉडीशिवायच्या पद्धतीशी तुलना, दोन स्वतंत्र अँटिबॉडींची तुलना, टॅग (ओळखीसाठी जोडलेला तुकडा) लावलेलं प्रथिन, आणि इम्युनोप्रेसिपिटेशननंतर (अँटिबॉडीने प्रथिन द्रावातून ओढून काढल्यावर) मास स्पेक्ट्रोमेट्री. यातला पहिला मार्ग सगळ्यात खात्रीचा मानतात. पण आरपीएस६ पूर्ण काढून टाकलं तर पेशीच जगत नाही. रायबोसोमच्या बहुतेक सगळ्या प्रथिनांचं असंच आहे. आरपीएल२२ हा मोजक्या अपवादांपैकी एक. ते नसलेले उंदीर जगतात, फक्त त्यांच्या टी-पेशींच्या वाढीत दोष राहतो. म्हणजे आरपीएल२२ सोडून जवळपास सगळ्यांसाठी नॉकआउटचा, म्हणजे जनुक पूर्ण काढण्याचा, रस्ता बंद, आणि उरतं ते नॉकडाउन, म्हणजे एसआयआरएनएने ते फक्त कमी करणं.

नॉकडाउनमध्ये पहिला अडथळा आयुर्मानाचा. एसआयआरएनए नवीन प्रथिन बनणं थांबवतं, पण आधीच रायबोसोममध्ये बसलेलं प्रथिन तसंच राहतं. उंदराच्या यकृतात रायबोसोमचं अर्धायुष्य पाच दिवसांच्या घरात मोजलं गेलं आहे. म्हणजे विभागणाऱ्या पेशींत जुनं प्रथिन मुख्यतः पेशी दुप्पट होताना विरळ होत जातं. ४८ तासांत तुमच्या पेशी दोनदा विभागल्या असं धरलं, तरी पूर्ण नॉकडाउननंतरही एक चतुर्थांश प्रथिन उरलेलं असणार. त्यात रायबोसोम कमी पडल्यावर पेशींची वाढ मंदावते, पेशीची विभागणी रोखणारं पी५३ हे प्रथिन जागं होतं आणि विभागणी रखडते, म्हणजे विरळ होणंही रखडतं. तेव्हा बँड 'जेमतेम' कमी होणं हे अगदी अपेक्षित आहे. ७२ किंवा ९६ तासांपर्यंत थांबा, दोन वेगळ्या अनुक्रमांचे एसआयआरएनए वापरा, आणि एमआरएनए खरोखर किती घटला हे क्यूपीसीआरने मोजा. त्यासाठी प्रायमर इंट्रॉन (जनुकातले, एमआरएनएमध्ये न उरणारे तुकडे) ओलांडणारे घ्या आणि नमुन्याला डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) द्या. मानवी जनुकसंचात रायबोसोमच्या प्रथिनांची सुमारे २,००० प्रक्रियाकृत छद्मजनुकं (एमआरएनएवरून उतरलेल्या निकामी नकला) विखुरलेली आहेत. त्यांत इंट्रॉन नसतात, त्यामुळे नमुन्यात थोडा जरी डीएनए राहिला तरी तो एमआरएनएच्या वेषात मोजला जातो.

दुसरा अडथळा जास्त फसवा. समजा बँड छान कमी झाला. तरी तो आरपीएस६चाच होता हे सिद्ध होत नाही! ४०एस उपघटकातलं एक प्रथिन कमी पडलं की अख्खा उपघटक बांधला जात नाही, आणि न वापरली गेलेली बाकीची लहान उपघटकाची प्रथिनंही प्रोटिएझोम मोडून टाकतं. म्हणून आरपीएस१९ नॉकडाउन केलं तरी आरपीएस६चा बँड फिका होतो, आणि उलटही. तुमची अँटिबॉडी चुकून ४०एसमधलं दुसरंच प्रथिन ओळखत असती, तरी आरपीएस६च्या एसआयआरएनएने तिचा सिग्नल घसरलाच असता. 'नॉकडाउनने पडताळलेली' हा शिक्का इतर प्रथिनांवर जेवढं वजन ठेवतो तेवढं इथे ठेवत नाही, असं माझं ठाम मत आहे.

मग करायचं काय? माझ्या मते सगळ्यात कमी कष्टात सगळ्यात जास्त खात्री टॅगमुळे मिळते. आरपीएस६ला टॅग जोडून पेशींत व्यक्त करा. टॅगमुळे प्रथिन वर सरकतं, आणि तुमची अँटिबॉडी खरी असेल तर मूळ ३२च्या बँडखेरीज टॅगच्या वजनाइतका वर दुसरा बँड दिसतो. टॅगविरुद्धच्या अँटिबॉडीने तोच बँड उजळला की ओळख पटली. टॅग कुठल्या टोकाला लावायचा हे मात्र आधी ठरवा. आरपीएस६च्या शेपटाकडे फॉस्फेटच्या जागा आहेत, तिथे मोठा टॅग लावून पुन्हा फॉस्फो-एस६ मोजायला जाऊ नका. दुसरा भक्कम मार्ग म्हणजे प्रथिनाच्या दोन वेगळ्या भागांविरुद्धच्या दोन अँटिबॉडी शेजारी शेजारी चालवणं. एकूण आरपीएस६साठी सशाचा ५जी१० आणि उंदराचा ५४डी२ हे दोन क्लोन पुष्कळ ठिकाणी वापरले जातात. दोन क्लोन घेताना त्यांचे एपिटोप (अँटिबॉडी प्रथिनाला चिकटते ती जागा) खरंच वेगळे आहेत का, हे विक्रेत्याला विचारून घ्या. एकाच तुकड्याविरुद्ध बनवलेल्या दोन अँटिबॉडी सहमत झाल्या तर त्यातून नवीन काही कळत नाही.

नॉकडाउन करायचंच असेल तर तुलनेसाठी ६०एसमधलं एक प्रथिन आणि ४०एसमधलं दुसरं एक प्रथिन, दोन्हींचे ब्लॉट सोबत ठेवा. आरपीएस६ सगळ्यात जास्त, ४०एसमधला शेजारी त्याहून कमी आणि ६०एसमधला सगळ्यात कमी घसरला, तर तो क्रम अर्थपूर्ण आहे.

विपुलतेचा मुद्दा मोजमापात येऊन बोचतो. सस्तन प्राण्याच्या एका पेशीत रायबोसोम काही दशलक्षांच्या घरात असतात आणि प्रत्येकात आरपीएस६ची एक प्रत असते. सवयीने ३० मायक्रोग्रॅम लायसेट (पेशी फोडून काढलेला अर्क) भरलं की केमिल्युमिनेसन्स (बँड दाखवणारा प्रकाश) कधीच संपृक्त झालेलं असतं, आणि मग निम्मा फरकही डोळ्यांना दिसत नाही. डायमंड-ब्लॅकफॅन रक्तक्षयाच्या काही रुग्णांत आरपीएस१९च्या, किंवा ५क्यू- सिंड्रोममध्ये आरपीएस१४च्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच बिघडलेली किंवा गेलेली असते. तिथे अपेक्षित फरक फार तर दुपटीचा, आणि संपृक्त बँडवर तो पूर्ण झाकला जातो. म्हणून प्रत्येक नव्या पेशीप्रकारासाठी २०, १०, ५, २.५ आणि १.२५ मायक्रोग्रॅम अशी उतरंड एकदा चालवा. भरलेलं प्रथिन निम्मं झाल्यावर बँडही निम्मा होतो, तो पट्टा शोधा आणि पुढचं सगळं काम त्याच पट्ट्यात करा. तुमच्या एसआयआरएनएच्या ब्लॉटवर बँड 'ठसठशीत' होता असं तुम्हीच लिहिलं आहे. मला आधी संशय येतो तो इथेच.

ब्लॉटच्या बाकीच्या बाबी भराभर सांगतो. रायबोसोमची पुष्कळ प्रथिनं १० ते ३० किलोडाल्टनच्या दरम्यान आहेत, म्हणून मेम्ब्रेन ०.४५ऐवजी ०.२ मायक्रॉनचं घ्या, नाहीतर लहान प्रथिनं आरपार निघून जातात. मिथेनॉल जास्त असेल तर प्रथिनावरचं एसडीएस सुटतं आणि अल्कधर्मी प्रथिनं जेलमध्येच अडकतात. मिथेनॉल कमी करून किंवा ट्रान्सफर बफरमध्ये किंचित एसडीएस घालून फरक पडतो का पाहा. १५ किलोडाल्टनखालच्यांसाठी ट्रायसिन जेल. लोडिंग कंट्रोल म्हणून जीएपीडीएच ३६-३७ला येतं, ते आरपीएस६च्या फार जवळ आहे. व्हिंक्युलिन किंवा ट्युब्युलिन बरं. आणि 'दुसऱ्या रायबोसोमल प्रथिनाला लोडिंग कंट्रोल धरू का' या प्रश्नाचं उत्तर, प्रयोग रायबोसोमबद्दलच असेल तर, नाही.

फॉस्फो-एस६कडे येतो. यकृताची पुनर्वाढ होत असलेल्या उंदरांमध्ये एस६वर फॉस्फेट लागतं हे १९७४मध्ये दिसलं, आणि तेव्हापासून हे प्रथिन रायबोसोमपेक्षा संकेतमार्गांच्या अभ्यासासाठीच जास्त वापरलं गेलं आहे. फॉस्फेटच्या जागा पाच आहेत. सेरिन २३५, २३६, २४०, २४४ आणि २४७, सगळ्या शेपटाच्या टोकाला. बाजारातल्या अँटिबॉडी मुख्यतः दोन जोड्यांसाठी असतात: २३५/२३६ आणि २४०/२४४. या दोन जोड्या म्हणजे एकाच गोष्टीची दोन नावं नव्हेत. २४०/२४४ला एस६ कायनेज फॉस्फेट लावतं आणि ते एमटॉरसी१च्या (पोषण पाहून पेशीची वाढ ठरवणाऱ्या प्रथिनसंकुलाच्या) ताब्यात असतं. २३५/२३६ला मात्र एस६ कायनेजखेरीज ईआरके या दुसऱ्या संकेतमार्गावरचं आरएसके हे कायनेजही लावतं, आणि काही पेशींत पीकेए हे कायनेजसुद्धा. त्यामुळे तुम्हाला एमटॉरसी१ मोजायचं असेल आणि हातात २३५/२३६ची अँटिबॉडी असेल, तर सीरम घालताच ईआरके जागा होऊन सिग्नल वाढेल आणि तुम्ही तो एमटॉरच्या खात्यात लिहाल. २४०/२४४ घ्या. क्लोन डी६८एफ८ या जोडीसाठी आहे, तर डी५७.२.२ई हा २३५/२३६साठी. अजून एक इशारा: एस६चं फॉस्फेट वाढलं म्हणजे प्रथिननिर्मिती वाढली, असं लिहू नका. पाचही सेरिनच्या जागी अ‍ॅलनिन घातलेले उंदीर २००५मध्ये तयार झाले. ते जगले, त्यांना पिल्लंही झाली, आणि त्यांच्या पेशींत एकूण प्रथिननिर्मिती घटलेली नव्हती. पेशींचा आकार मात्र लहान होता.

सिग्नल दर वेळी बदलतो, याचं उत्तर बहुतेक वेळा अँटिबॉडीच्या बाटलीत सापडत नाही. ते पेशी गोळा करायच्या आधीच्या तासाभरात शोधा. माध्यम कधी बदललं, पेशी किती दाट होत्या, त्या इन्क्युबेटरबाहेर किती वेळ राहिल्या, या प्रत्येक गोष्टीवर एमटॉरसी१ हलतं. ताजं माध्यम घातलं की अमिनो आम्लं आणि ग्लुकोज मिळून अर्ध्या तासात फॉस्फो-एस६ चढतो. एका प्रयोगात आदल्या रात्री माध्यम बदललं आणि दुसऱ्यात त्याच सकाळी, तर दोन्ही ब्लॉट जुळणारच नाहीत. ट्रिप्सिनने पेशी सोडवून, धुऊन, मग लायसिस करत असाल तर तेही बंद करा. माध्यम ओतून, थंड पीबीएसने एकदा धुऊन, थेट थाळीतच गरम एसडीएस बफर घाला. गरम एसडीएसमध्ये कायनेज आणि फॉस्फेटेज दोन्ही जागच्या जागी गार होतात. रिपा (पेशी फोडायचा सौम्य बफर) वापरायचंच असेल तर त्यात सोडियम फ्लोराइड आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट हवंच. पुष्कळ जण फक्त ऑर्थोव्हॅनाडेट घालतात, पण ते टायरोसिनवरच्या फॉस्फेटसाठी आहे. आपल्याला सेरिन वाचवायचं आहे.

ब्लॉकिंगला दूध घेत असाल तर पाच टक्के बीएसएवर या, आणि पीबीएसऐवजी टीबीएस-ट्वीन वापरा. दुधातलं केसिन स्वतःच फॉस्फोप्रथिन आहे. आणि प्रत्येक जेलवर दोन कंट्रोल पट्ट्या कायमच्या ठेवा. एक, रात्रभर सीरम बंद ठेवून मग अर्धा तास १०० नॅनोमोलर इन्शुलिन दिलेल्या पेशी. दुसरी, तशाच पेशींना इन्शुलिनच्या आधी तासभर २० ते १०० नॅनोमोलर रॅपामायसिन (एमटॉरसी१ अडवणारं औषध) दिलेलं. दुसऱ्या पट्टीत २४०/२४४चा सिग्नल जवळपास नाहीसा झाला पाहिजे आणि एकूण एस६ जागेवर राहिला पाहिजे. ही जोडी जमली नाही तर त्या जेलवरचं बाकी काही वाचूच नका. अँटिबॉडी खरोखर फॉस्फेटच ओळखते का अशी शंका असेल, तर मेम्ब्रेनचा एक तुकडा किंवा लायसेटचा एक भाग लॅम्डा फॉस्फेटेजने उपचारून पाहा.

फॉस्फो आणि एकूण दोन्ही एकाच उंचीवर येतात, आणि मेम्ब्रेन स्ट्रिप करून पुन्हा लावताना थोडं प्रथिन निघून जातं व थोडी जुनी अँटिबॉडी मागे राहते. म्हणून शक्य असेल तर सशाची फॉस्फो आणि उंदराची एकूण अशी जोडी घेऊन दोन वेगळ्या रंगांच्या फ्लुओरेसंट दुय्यम अँटिबॉडींनी एकदमच वाचा. पण एकूण एस६ची अँटिबॉडीही शेपटाविरुद्ध असेल तर दोघी एकमेकींना अडवू शकतात. एक नमुना स्वतंत्रपणे आणि एक जोडीने लावून आधी खात्री करा.

जाताजाता, यीस्टवर काम करणाऱ्यांसाठी. यीस्टच्या एस६ला शेपटाशी दोनच सेरिन असतात, २३२ आणि २३३. सस्तन प्राण्यांसाठीची २३५/२३६ची अँटिबॉडी ती ओळखते, आणि टॉरसी१ मोजायला ती सर्रास वापरली जाते. २४०/२४४ची अँटिबॉडी तिथे कामाची नाही, कारण ती जागाच नाही.

आता केंद्रकातले ठिपके. आरपीएस६ पेशीद्रव्यात तयार होतं, केंद्रकात जातं, तिथल्या न्यूक्लिओलस या रायबोसोम बांधणीच्या जागी ४०एसच्या बांधणीत सामील होतं आणि पुन्हा बाहेर येतं. तेव्हा पेशीद्रव्यभर पसरलेली चमक आणि केंद्रकात न्यूक्लिओलसच्या जागी ठिपके हे चित्र बरोबर आहे. ठिपके न्यूक्लिओलसच आहेत का हे फायब्रिलारिन या न्यूक्लिओलसमधल्या प्रथिनाच्या सहरंजनाने पाहा. याउलट अख्खं केंद्रक सारखं उजळलं आणि न्यूक्लिओलस काळे राहिले, तर मला शंका येईल. न्यूक्लिओलस दाट असतो, अँटिबॉडी आत शिरायला कचरते, म्हणून ठिपके न दिसणं हा एकट्याने दोष नाही. ट्रायटनचं प्रमाण आणि वेळ बदलून पाहा. डिजिटोनिनने फक्त बाहेरचं पटल उघडलं तर केंद्रकातला सिग्नल जायला हवा, हा एक स्वस्त आणि चांगला कंट्रोल. दुसरा, ५ नॅनोमोलर अ‍ॅक्टिनोमायसिन डी काही तास. एवढ्या कमी मात्रेत ते मुख्यतः रायबोसोमल आरएनए बनवणारं आरएनए पॉलिमरेज १ थांबवतं, नवी बांधणी थबकते आणि न्यूक्लिओलसचं रूपच बदलतं. तुमच्या ठिपक्यांवर काहीच परिणाम झाला नाही, तर ते ठिपके कशाचे आहेत हा प्रश्न उघडा राहतो.

ऊतींच्या पॅराफिन छेदांवर फॉस्फो-एस६ उत्तम चालतो. ट्यूबरस स्क्लेरोसिसच्या मेंदूतल्या गाठींतल्या राक्षसी पेशी त्याने उठून दिसतात. पण ऊतक काढल्यापासून फॉर्मॅलिनमध्ये जाईपर्यंत जितका उशीर, तितका फॉस्फेट गेलेला. वेगवेगळ्या उशिराने स्थिर केलेले नमुने एकमेकांशी तोलू नका.

तुम्ही विचारलं नाही, पण पुढची पायरी बहुधा इम्युनोप्रेसिपिटेशनची असेल म्हणून सांगतो. ब्लॉटवर चालणारी अँटिबॉडी तिथे चालेलच असं नाही. अखंड रायबोसोममध्ये प्रथिनाचा बराच भाग आरएनएमध्ये आणि शेजाऱ्यांमध्ये गाडलेला असतो. ब्लॉटवर तो उलगडलेला असतो, रायबोसोमवर झाकलेला. विशिष्ट पेशींतले रायबोसोम ओढून काढायची वेळ आली तेव्हा संशोधकांनी मूळ प्रथिनाच्या अँटिबॉडीवर भिस्त ठेवली नाही, टॅग लावले. २००८मध्ये एल१०एला हिरवं चमकणारं प्रथिन जोडलं गेलं, २००९मध्ये आरपीएल२२ला एचए टॅग. आणि अँटिबॉडीने ओढलं तरी निकालात एक कायमचं विघ्न आहे. रायबोसोमची प्रथिनं जवळपास प्रत्येक इम्युनोप्रेसिपिटेशनमध्ये कचऱ्यासारखी चिकटून येतात. 'माझं प्रथिन आरपीएस६शी जोडलेलं आहे' असं म्हणण्याआधी लायसेटला आरएनेज देऊन पाहा. आरएनएच्या धाग्यावर दोघे योगायोगाने बसलेले असतील तर तो संबंध तिथेच तुटतो. वजनाचंही भान ठेवा. २५ किलोडाल्टनला अँटिबॉडीची हलकी साखळी येते आणि त्या भागातली सगळी रायबोसोमल प्रथिनं झाकते. ब्लॉटसाठी वेगळ्या प्राण्याची अँटिबॉडी किंवा मण्यांवर क्रॉसलिंक केलेली घ्या.

सुक्रोज ग्रेडियंटवर (घटक जडपणानुसार वेगळे करणाऱ्या साखरेच्या द्रावात) आरपीएस६ कुठे आहे हे पाहायचं असेल तर मात्र हीच साधी एकूण एस६ची अँटिबॉडी फार उपयोगी पडते, कारण तिथे प्रश्न 'किती' हा नसतो, 'कुठे' हा असतो. १० ते ५० टक्के सुक्रोजच्या प्रत्येक अंशातून टीसीएने प्रथिन खाली बसवा, ४०एसपासून पॉलिसोमपर्यंत (एकाच एमआरएनएवर बसलेल्या अनेक रायबोसोमच्या माळेपर्यंत) बँड कसे पसरलेत ते पाहा, आणि सोबत ईडीटीए घातलेला एक ग्रेडियंट नक्की चालवा. मॅग्नेशियम गेलं की रायबोसोम उपघटकांत सुटतात, म्हणून जड अंशांतले बँड हलक्याकडे सरकले पाहिजेत. सरकले नाहीत तर ते पॉलिसोम नव्हते, दुसरंच काही जड गाठोडं होतं.

तेव्हा नवी अँटिबॉडी सध्या मागवू नका. आधी उतरंडीचा ब्लॉट करा, मग ९६ तासांचा नॉकडाउन ४०एस आणि ६०एसच्या शेजाऱ्यांसह, आणि जमलं तर टॅग लावलेलं आरपीएस६. हे तिन्ही नीट उतरले तर हातातली बाटली ठेवा. बदलायचीच वेळ आली तर पॉलिक्लोनलऐवजी रिकॉम्बिनंट मोनोक्लोनल घ्या, तिचा अनुक्रम ठरलेला असल्याने लॉटमागे लॉट फारसा बदलत नाही. इन्शुलिन आणि रॅपामायसिन दिलेल्या पेशींचं लायसेट एकदाच भरपूर करून छोट्या भागांत उणे ८० अंशांवर ठेवा. नवा लॉट आला की जुन्या लॉटशेजारी याच लायसेटवर तो चालवा, आणि दोन्ही ब्लॉट नोंदवहीत एकाच पानावर चिकटवा.